दोन दिवसांची सायकल

रविवार, ६ नोव्हेंबर १९८३. भाऊबीज

परसराम सर म्हणाले, सराव करायचा तर वही ठेव, त्यात मनातलं लिही आणि खोटं लिहू नको. सर कॉलेजात खेळ शिकवतात, त्यांचं ऐकावंच लागतं. तर खरं लिहिते. आज मी दादाकडून ओवाळणीत सायकल मागून घेतली.

कायमची नाही. ओवाळून झाल्यावर दादाने खिशात हात घातला तसं मी ताट मागे ओढलं. म्हटलं, पैसे नको, सायकल पाहिजे. जानेवारीत भंडाऱ्याला मुलींच्या सायकल शर्यतीची निवड आहे. जिल्ह्यातून तीन मुली घेणार आणि त्या पुढे नागपूरला खेळणार. साकोलीच्या आमच्या कॉलेजातून माझं एकटीचं नाव गेलं आहे, कारण सरांनी विचारलं तेव्हा दुसऱ्या कुणीच हात वर केला नाही. आता हात वर केलेली मुलगी शर्यतीत उतरणार आणि तिच्याकडे सायकलच नाही, ही शोभा मला करून घ्यायची नव्हती.

दादा म्हणजे धनीराम, माझ्याहून सात वर्षांनी मोठा, साकोलीच्या राईस मिलमध्ये मुकादम. बाबा गेल्यापासून घरात त्याचा शब्द चालतो. त्याने मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मिल रविवारी बंद अना सोमवारी लाईट नसते म्हनून बंद. हे दोन दिवस सायकल तुही. बाकी दिवस हात लावाचा नाई. अना आयक, निवड झाली त पुढं पाहू. नाई झाली त सायकलीचं नाव काढाचं नाई. कबूल?"

मी कबूल म्हटलं. आई म्हणाली, "पडशीन त दात पाडून घेशीन," आणि आमच्या दोघांच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावून गेली.

वहिनी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिला भाऊ नाही, त्यामुळे आजच्या दिवशी तिचं तोंड तसंही उतरलेलंच असतं. त्यात सायकल तिच्या बाबांनी लग्नात दिलेली, तेव्हा पोटात दुखलंच असणार. आत जाऊन चूल फुंकत बसली.

सोमवार, ७ नोव्हेंबर

सायकलीचं वर्णन लिहून ठेवते. काळी, पुरुषांची, मधे दांडा असलेली. लग्नाला तीन वर्षं झाली तरी दांड्यावरचा दुकानातला कागद दादाने काढू दिलेला नाही. चेनकव्हरवर पिवळ्या रंगात पेंटरने लिहिलं आहे: "चि. सौ. कां. रुखमा हिच्या विवाहप्रीत्यर्थ सप्रेम भेट." गावात मात्र हिला सगळे धनीरामची सायकल म्हणतात.

मी उंच आहे, दादाहूनही बोटभर जास्तच. सीट वर केली आणि मोठ्या रोडपर्यंत जाऊन आले. धान कापून ठेवलेल्या बांध्यांमधून बायका उभ्या राहून बघत होत्या. एकीने विचारलं, "काहून वं, कोनाले बरं नाई का?" सायकलवरून पोरगी धावत सुटली म्हणजे डॉक्टरच आणायला चालली असं त्यांना वाटलं. मी नाही म्हटलं आणि आणखी जोरात मारली.

मग बस पकडून कॉलेजला गेले. संध्याकाळी सायकल पुसायला घेतली तर सीट खाली केलेली, तीही पार खाली. उद्या कामावर जायचं म्हणून दादाने आत्ताच आपल्या मापाची करून ठेवली वाटतं. माझी उंची त्याच्या डोळ्यात पहिल्यापासून खुपते.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

सरांना दोन दिवसांचं सांगितलं तर त्यांनी डोकं धरलं. म्हणाले, "तुळसा, लागोपाठ दोन दिवस जोर लावला की दुसऱ्या दिवशी पाय मरतात. एक दिवस जोराचा, दुसरा हलका, असं करायचं असतं."

मी म्हटलं, "सर, मले हलके दिवस भेटतेत ना. पाच भेटतेत. पन सगळे एका जागी."

सर हसले. मग गंभीर झाले. निवडही दोनच दिवसांची आहे म्हणे. शनिवारी छोटी दौड, एकेकटीने घड्याळाविरुद्ध. रविवारी सगळ्यांची मिळून लांबची. दोन्ही दिवसांचा वेळ एकत्र धरणार. म्हणजे जिचे पाय दुसऱ्या दिवशी जिवंत राहतील ती जिंकली. "तुझ्या भावाने कळत नकळत बरोबर तेच दिलं आहे," सर म्हणाले. दादाला हे मुळीच सांगणार नाही, उगाच फुगेल.

सोमवार, १४ नोव्हेंबर

काल लांब गेले, लाखांदूरच्या रस्त्याने दम संपेपर्यंत, आणि परत. आज पहाटे वेगाचा सराव धरला होता. मैलाच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत जीव तोडून, मग हळू, मग परत जीव तोडून. दुसऱ्याच दगडाला पाय दगडाचे झाले. तलावाच्या पाळीवर सायकल टाकली आणि ओकले. म्हशी पाण्यातून माझ्याकडे बघत होत्या.

घरी आले तर वहिनी अंगणात. विचारते काय, "चढावर उभं राहून मारता का बसून?"

तिच्या बाबांची सायकल मी कशी हाणते याची चौकशी. मी म्हटलं, "उभं राहून. काहून? तुटन म्हनून भेव लागते का?"

"नाई," ती म्हणाली, "असंच इचारलं." आणि घड्याळाकडे बघून, "जेवून घ्या बाई, बस हुकन." सोमवारी माझी बस हुकू नये म्हणून हिचा जीव नुसता खालीवर होतो. मी एकदाची घरातून जाते म्हणून आनंद होत असेल.

संध्याकाळी सीट पुन्हा खाली. बोलायचं नाही असं ठरवलं आहे.

सोमवार, २१ नोव्हेंबर

या वेळी दोन्ही दिवस अंग राखून चालवली. काल अर्धा जोर, आज अर्धा जोर. पाय दुखले नाहीत आणि उपयोगही झाला नाही. दूधवाला डब्यांसकट मला मागे टाकून गेला आणि वर त्याने वळून बघितलं. असा सराव करण्यापेक्षा घरी बसून धान निवडलेलं बरं.

वहिनीचं कोपर खरचटलं आहे. न्हाणीत घसरले म्हणते. आईने हळद लावून दिली.

रविवार, २७ नोव्हेंबर

डोक्यात प्रकाश पडला. मी उलटं करत होते. लांबचा दिवस आधी घेतला की वेगाला काही उरत नाही. म्हणून आज ताज्या पायांनी जंगलाकडच्या चढावर वर-खाली केलं. वर जाताना सगळा जोर, येताना नुसतं सुटू द्यायचं. छाती फुटायची वेळ आली. उद्या लांबचं, पण एका चालीने. उद्या पाय कुरकुरतील, त्यांना कुरकुरू द्यायचं. वेग मागायचा नाही, फक्त थांबायचं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जेवण. आत्तापर्यंत रविवारी रात्री पोट हलकं ठेवत होते. हलकं पोट म्हणजे जोरात सायकल, असा माझा समज. आज ताट भरून भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण खाल्लं. वहिनीने न मागता आणखी वाढलं, वर गुळाचा खडा. संध्याकाळचं पाणीही तिनेच भरलं. म्हणाली, "तुमी निजा. सकाळी लवकर जा, मंजे लवकर याल." उद्या तिचं कसलं तरी काम असेल आणि मी घरात नको असेन. काही का असेना, निजायला मिळालं.

सोमवार, २८ नोव्हेंबर

जमलं. पहिला तासभर पायांत शिसं भरलं होतं. मग ते आपोआप वितळलं. कुठे, कसं, कळलं नाही. परतताना लाखांदूरच्या रस्त्यावर गावाजवळच्या मोठ्या मोहाच्या झाडाशी आले तेव्हा मी गाणं गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशीचा त्रास पहिला तासभरच असतो, हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी दोन आठवडे रडत बसले नसते. वहिनीला सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. "पयला घंटा," तिने पुन्हा म्हटलं, जसं काही तिलाच चालवायची आहे.

रविवार, ४ डिसेंबर

आज घरात धुसफूस झाली. सर म्हणाले होते, सायकल हलकी कर. म्हणून मडगार्ड काढले, कॅरिअर काढलं, स्टँड, घंटी, दांड्यावरचा कागद आणि चेनकव्हर. दादा कागदासाठी ओरडला. तीन वर्षं जपला होता म्हणे. बाकीचं मंगळवारी परत लावून देईन या बोलीवर गप्प झाला. फक्त चेनकव्हर लावू नको म्हणाला, तसंही ते खडखड वाजतं.

वहिनीने चेनकव्हर उचललं. पदराने पुसलं. मी म्हटलं, वहिनी, ते पत्र्याच्या ढिगात टाक. ती माझ्याकडे अशी बघून आत गेली की मलाच कळेना, मी काय केलं. मागून गेले तर डोळ्यांना पदर. "धूर लागला," म्हणाली. चूल पेटलेली नव्हती.

इतका काय मालकीचा अभिमान? नाव काय कुणी खाऊन टाकतं का? मला राग आला आणि त्या रागात आजचा चढ चांगला झाला.

सोमवार, ५ डिसेंबर

लांबचं झालं. तासाभराने शिसं वितळलं.

सीट खाली. आता सवय झाली. गंमत अशी की दर रविवारी ती वेगळ्याच उंचीवर असते, सोमवारी संध्याकाळी खाली केलेली असते त्याहून वर. दादाचं स्वतःचं माप त्यालाच माहीत नाही.

रविवार, २५ डिसेंबर

तीन आठवडे काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही झालं नाही. रविवारी चढ, सोमवारी लांब. मधल्या पाच दिवसांत विहिरीवरून पाणी मीच आणते, दोन्ही हातांत बादल्या घेऊन, पाळ चढून. आई म्हणते, शर्यत बारा महिने असती तर बरं झालं असतं.

आज मात्र अंगात कणकण होती. चढ अर्धाच केला. शर्यत जवळ आली आणि आता ताप भरला तर सगळं गेलं. दादाची अट सारखी आठवते. निवड झाली नाही तर मी परत बसच्या खिडकीतून रस्ता बघणार. आता मला त्या रस्त्याचा खड्डान् खड्डा माहीत आहे, आता ते सोसणार नाही.

संध्याकाळी वहिनी मोहाच्या बियांचं तेल कोमट करून घेऊन आली. नको म्हटलं तरी पाय ओढून चोळायला बसली. "वरतून खाली नाई, खालून वर," म्हणाली. "पोटऱ्या पयले दुखतेत. दोन-तीन हप्त्यात जाते."

रोवणीच्या दिवसांत वाकून वाकून तिच्याही पोटऱ्या दुखत असतील. हात चांगला आहे तिचा. मी तिला विचारलं, लहानपणी माहेरी काय खेळायची. ती म्हणाली, "बाबाच्या मांगं कॅरिअरवर बसून लाखांदूरचा बाजार करो. बाबा म्हने, मोठी झाली का पुढं बस, मी मांगं बसतो." मग काय झालं, मी विचारलं. "मंग लग्न झालं," ती म्हणाली आणि तेलाची वाटी उचलून गेली.

सोमवार, २ जानेवारी १९८४

संध्याकाळी मागच्या चाकात बोरीचा काटा सापडला. मी डांबरी रस्ता सोडून कुठे गेले नाही. दादा सायकल खळ्यावर घेऊन गेला असणार. माझे दोन दिवस म्हणजे दोन पूर्ण दिवस, असं ठरलं होतं. पण शर्यतीआधी भांडण नको म्हणून मूग गिळून बसले.

मंगळवार, १० जानेवारी

कॉलेज सुटल्यावर मिलपाशी जाऊन दादाकडून सायकल घेतली आणि डोमाच्या दुकानात दाखवली. डोमा सायकल दुरुस्त करतो आणि दुनियेला नावं ठेवतो. सीटचा बोल्ट हातात घेऊन म्हणाला, "हे कोन सारखं फिरवून राहिलं? आटे घिसून गेले पुरे. बदलून टाक, नाई त दगा देईन."

नवा बोल्ट बसवायचा तर पाईपची पकडही बदलावी लागते आणि त्याला दादाची परवानगी लागते. सारखी सीट खालीवर करून बोल्ट घासला कुणी, तर दादाने. मग मी त्याच्यापुढे हात का पसरायचे? डोमाला म्हटलं, पत्र्याची पट्टी घालून आवळून दे. त्याने दिली, पण तोंड वाकडं करून.

शुक्रवार, २० जानेवारी. भंडारा

एसटीच्या टपावर सायकल बांधून आणली. एका शाळेच्या खोलीत मुलींची सोय आहे. नऊ जणी आहोत. तुमसरकडची बेबी नावाची एक मुलगी आहे, तिची सायकल पातळ चाकांची, मागून आणलेली. माझी सायकल बघून तिने विचारलं, "हेचं चेनकव्हर कुठी गेलं?" मी म्हटलं, घरी रडत बसलं आहे.

निघताना दादा फक्त म्हणाला, "ठरलं ते ध्यानात ठेव." वहिनी फाटकापर्यंत आली. पदरातून शेंगदाणे आणि गुळाची पुडी काढून दिली. "पयल्या दिवशी सारं देऊ नोका," ती म्हणाली. "दुसरा दिवस आपला आहे."

आपला म्हणाली. बोलायची पद्धत.

शनिवार, २१ जानेवारी

दुसरी आले. बेबी पहिली. इतक्या आठवड्यांचे ते चढ आज कामाला आले. सर आनंदाने इकडून तिकडे फिरत होते. पायांत उद्याचं शिसं भरायला लागलं आहे, पण त्याला मी ओळखते. बाकीच्या मुली तंगड्या भिंतीला लावून कण्हत आहेत. त्या दिवसाआड सराव करून आल्या आहेत, त्यांना उद्याचा पहिला तास माहीत नाही.

रविवार, २२ जानेवारी

लिहायचं नव्हतं. पण खरं लिहायचं ठरलं आहे.

निघालो तेव्हा सगळ्यांचेच पाय जड. पहिला तास मी मुकाट्याने सगळ्यांच्या मागे काढला. मग माझे पाय सुटले. एकेक मुलगी मागे पडू लागली. बेबीचा चेहरा पांढरा झाला होता. मी तिच्या बाजूने पुढे निघाले आणि मनात म्हटलं, दुसरा दिवस आपला आहे.

तेवढ्यात सीट खचली. एकदम नाही, बोट बोट करत, पार खालपर्यंत. थांबून आवळली. थोड्या अंतरावर पुन्हा खचली. गुडघे हनुवटीला लागत होते. मग सीटचा नाद सोडला आणि उभी राहून चालवली. उरलेला सगळा रस्ता उभी राहून. ज्या ज्या मुलींना मागे टाकलं होतं त्यांतल्या काही परत पुढे गेल्या. मी थांबले नाही. एवढंच मला लिहायचं आहे, की थांबले नाही.

दोन दिवसांचा मिळून चौथा नंबर. तिसरी बेबी, माझ्याहून अगदी थोडी पुढे. फळ्यावर खडूने तीन नावं लिहिली आणि खडू खाली ठेवला. सर माझ्याशी बोलायला आले, मी बसच्या मागे जाऊन रडले.

सोमवार, २३ जानेवारी

दादा ओट्यावरच होता. माझा चेहरा बघून त्याला कळलं. रागावला नाही, ते जास्त लागलं. म्हणाला, "ठीक हाये. ठरलं होतं तसं."

मग माझा तोल गेला. म्हटलं, तूच दर सोमवारी सीट खाली करून करून बोल्ट घासलास, तूच मला हरवलंस.

दादा गोंधळला. "मी सोमवारी सीटले हात बी नाई लावत. उलटं मंगळवारी मले वर करा लागते. मी समजो तूच खाली करून ठेवते, मले तरास द्यासाठी."

वहिनी भाकरी थापत होती. थापता थापता थांबली.

"मीच करत होती," ती म्हणाली. "सोमवारी तुमी कालेजले गेल्या का हे अना आई खळ्यावर जात. मी तलावाच्या मांगं चालवो. पाय पुरे ना, म्हनून खाली करो. पुन्हा वर करासाठी तुमची खूण मले सापडे ना."

तवा जळत होता. मी एवढंच म्हटलं, "वहिनी, तू मले सांगाचं तरी." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मला तिचा फार राग आला आहे. मी मरत मरत चढ चढत होते आणि ही माझी सीट खालीवर करून मजा मारत होती.

गुरुवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाला गेले. वहिनीशी तीन दिवस बोलले नाही. तीही समोर येत नाही. जेवण वाढून ताटावर झाकण ठेवून जाते.

वही मागून पुढे वाचली. कोपर. काटा. धूर. पोटऱ्या. "पयला घंटा." मी सगळं लिहून ठेवलं होतं आणि काही म्हणजे काही मला दिसलं नाही. आणि हे की डोमाने बोल्ट बदल म्हणून सांगितलं होतं. नको म्हणणारी मी होते, वहिनी नव्हती.

आणि आता सायकलीचं नाव काढायचं नाही. मी हरले तर माझे दोन दिवस गेले. तिची सोमवारची दुपारही गेली, आणि तिला तर कुणी काही कबूल आहे का असं विचारलंही नव्हतं. भंडाऱ्याला मी एकटी गेले नव्हते. शेंगदाण्याची पुडी देताना ती ते सांगतच होती.

रविवार, २९ जानेवारी

सकाळी सायकल भिंतीला टेकून उभी. मी तिच्याकडे पाठ करून कपडे धूत होते. दादा ओट्यावर चहा पीत होता, आई तांदूळ पाखडत होती.

वहिनी धान्याच्या कोठीमागून चेनकव्हर घेऊन आली. स्वच्छ पुसलेलं, तेलाचा हात फिरवलेला. दादासमोर ठेवलं.

"हे वाचा."

"काय वाचू? तुयं नाव हाये त्याच्यावर."

"हो, माहं हाये." वहिनी थांबली नाही. "माह्या बाबानं मले देल्ली. तुमी भाऊबीजेले बहिनीच्या ताटात टाकली. मले इचारलं का?"

"दोन दिवसासाठीच त..."

"नाई इचारलं. मले वाईट नाई वाटलं, तुळसाले देल्ली म्हनून बरंच वाटलं. पन शब्द तुमी घेतला तो तुमच्या सायकलीचा. तुमची सोताची सायकल येईन तवा तुळसाले हात लावू देऊ नोका. हे माही हाये. मंगळवार ते शनिवार तुमी न्या, मिलमंदी जा लागते. रविवार अना सोमवार माहे. त्या दिवशी कोनाले द्याची ते मी पाहीन."

दादाने आईकडे बघितलं. आई सुपातून मान वर न करता म्हणाली, "मले काहून पाहतं? तिनं सांगतलं ते वाच ना."

दादाने खरंच वाचलं. ओठ हलवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जणू पेंटरने काल लिहिलं होतं. मग पाना शोधायला उठला. चेनकव्हरचे स्क्रू कुठे गेले म्हणून चिडचिड करू लागला. ते माझ्या पेटीत होते. मी ओल्या हातांनी आणून दिले. कव्हर मात्र नीट बसवलं. सायकल पहिल्यासारखी खडखडायला लागली.

मग मी वहिनीपाशी गेले. माफी मागायची होती. म्हटलं, "मोठ्या रोडवर कधी नेली का?"

"नाई. भेव लागते ट्रकचा. तलावाच्या मांगंच."

"लाखांदूरच्या रस्त्यानं मोहाच्या झाडापर्यंत नेशीन?"

तिने माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते. या वेळी धुराचं नाव घेतलं नाही. "तू संग येशीन त," ती म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा मला तू म्हणाली.

दुपारी दोघी साकोलीला डोमाकडे गेलो, चालवत नाही, हातात धरून, गप्पा मारत. नवा बोल्ट आणि नवी पकड बसवली. दादानेच सांगितलं होतं, बसवून घ्या म्हणून. डोमाकडून कानस घेतली आणि सीटच्या पाईपवर दोन खुणा केल्या. वरची माझी, खालची वहिनीची. मधे दादाची पण करायची का, डोमाने विचारलं. वहिनी म्हणाली, त्याइले त्याइची सापडते.

सरांना निरोप द्यायचा आहे, पुढच्या वर्षी माझं नाव पुन्हा पाठवा. सरावाची वेळ नव्याने लावली आहे. रविवारी चढ, पहिल्यापेक्षा जास्त. सोमवारी सकाळी अंधार फिटला की वहिनी सायकलवर आणि मी बाजूने पळत, मोहाच्या झाडापर्यंत. तिथून घरी परत. एक दिवस जोराचा, दुसरा हलका, असं सर म्हणाले होते. पळण्याला हलका म्हणायचं की नाही ते त्यांनाच विचारेन. पहिला तास कुरकुर होईल, ते आम्हा दोघींना माहीत आहे.

उद्या सोमवार. सीट खालच्या खुणेवर करून ठेवली आहे.